हॉटेल लाइनचं स्थळ

"एक आकडा इकडचा तिकडं केलास तर काय आभाळ कोसळणार आहे का गं?"

आई स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "तीनच्या जागी एक लिही. सख्ख्या भावाच्या लग्नाचा प्रश्न आहे, वृषे."

"आई, ते पेपरात छापून आलंय. आता काय घरोघर जाऊन खोडत बसू?"

"खोडू नकोस. फरांदे आले की एवढंच म्हण, छापताना चूक झाली. पेपरवाले चुकतातच. परवा माझ्या राशीचं भविष्य म्हणून मेषेचं छापलं होतं. मी दिवसभर प्रवासाची तयारी करून बसले, आणि बाहेर कर्फ्यू."

मी आईच्या शिवणयंत्रावर लॅपटॉप मांडून बसले होते. कोरोनाच्या त्या साली आमच्या पुण्याच्या संस्थेनं सगळ्यांना घरून काम करायला सांगितलं, आणि मी वाईला आले ती ह्या शिवणयंत्राशीच अडकले. घरात टेबल असं ते एकच. काम करताना सवयीनं पाय पायट्यावर जायचे आणि खाली चाक फिरायला लागायचं. मीटिंगमध्ये साहेब विचारायचे, "वृषाली, तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे का?"

माझं काम म्हणजे रोजगाराचे अंदाज बांधायचे. कोणत्या धंद्यात माणसं लागतील, कोणत्यात कमी होतील, किती काळ. महामारीच्या आधी माझ्या ह्या कामाचं घरात कुणाला सोयरसुतक नव्हतं. आई शेजारी सांगायची, "बँकेसारखंच काहीतरी आहे." पण आता मी दिवसभर तिच्या डोळ्यांदेखत काम करायला लागले आणि माझा सगळा भाव उतरला. कारण तिच्या लक्षात आलं, की मी काम करत नाही, नुसती लोकांना फोन करून विचारते.

ते खोटंही नव्हतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या हॉटेलवाल्यांची यादी माझ्याकडे आली होती. मी विचारायचे, "शेठ, कामावरची माणसं परत कधी बोलवणार?"

"मॅडम, तुम्हीच सांगा. तुम्ही पुण्याच्या, तुम्हाला वरचं कळतं."

"अहो, मी वाईची आहे. आणि तुम्हालाच विचारायला फोन केलाय."

"मग तुम्हाला बरं वाटेल ते लिहा. आम्ही पेपरात वाचू आणि तसं करू."

असे फोन करकरून, त्यात बुकिंगचे आकडे, बँकांची कर्जं, आधीच्या मंदीचा अनुभव असं सगळं कालवून आम्ही अंदाज काढला. हॉटेल आणि पर्यटनातल्या नोकऱ्या पूर्वीसारख्या व्हायला तीन वर्षं लागणार. औषध कंपन्या तेजीत. दवाखान्यांत माणसं कमी पडणार. एका पेपरानं तो छापला, वर माझा फोटो. फोटो हर्षदनं काढला होता. मागे फ्रिज होता आणि फ्रिजवर लोणच्याची बरणी. दोन दिवस नातेवाइकांचे फोन येत होते. अंदाजाबद्दल कुणी काही बोललं नाही. बरणी कैरीची का लिंबाची, एवढंच विचारत होते.

हर्षद माझा धाकटा भाऊ. महाबळेश्वरच्या एका मोठ्या हॉटेलात चायनीज विभाग सांभाळायचा. मार्चमध्ये हॉटेल बंद झालं, शेठ म्हणाले "कळवतो", आणि हर्षद बॅग घेऊन घरी आला. वडील जाऊन आमच्या घरात बरीच वर्षं झाली होती. आई, मी आणि तो. माघात त्याची सुपारी फुटली होती, वैशाखात लग्न होतं. मुलगी सारिका फरांदे, वाईचीच, सिद्धनाथवाडीची. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. वैशाख आला आणि गेला. लग्न राहिलं, आणि सारिका त्याआधीच घशातले नमुने घेण्याच्या ड्युटीवर लागली होती.

आणि ह्या सगळ्यात माझा लेख तिच्या वडिलांच्या हातात पडला.

"ताई," हर्षद आतून ओरडला, "तुझ्या तक्त्यात मी कितव्या रकान्यात येतो?"

"तिसऱ्या. ‘अकुशल नसलेले, पण सहज काढून टाकण्याजोगे’."

"बघ आई, सहज काढून टाकण्याजोगा म्हणते मला. हिच्यापुढं आजपासून सूप नाही."

ही धमकी गंभीर होती. घरी आल्यापासून स्वयंपाकघर त्यानं ताब्यात घेतलं होतं. परसातल्या कोबीचं मंचुरियन, दुधीचे कसले कसले कबाब. आईनं आधी विरोध केला, मग चव घेतली, मग गप्प बसली. आम्हा दोघींच्या ब्लाउजांच्या शिवणी उसवायची वेळ आली होती आणि शिवणयंत्र माझ्या लॅपटॉपखाली होतं.

"हसा," आई म्हणाली. "तो माणूस दुपारी येतोय आणि तुम्ही दोघं हसा. तरी मी सांगत होते, हॉटेल लाइनचं स्थळ म्हटलं की लोक आधीच नाक मुरडतात. त्यात घरचीच वेधशाळा उलटली."

घरात मला वेधशाळा म्हणायचे. मी पाऊस सांगितला की आई वाळवण बाहेर घालायची.

फरांदेकाका बरोबर ठरल्या वेळी आले. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते, वाईच्या स्टँडवरच निवृत्त झाले. नोकरीत जे कधी जमलं नाही ते निवृत्तीनंतर जमवत होते. बरोबर आमचा जगूमामा. स्थळ त्यानंच आणलेलं, त्यामुळे दोन्हीकडचा चहा आणि दोन्हीकडचे बोल त्याच्याच वाट्याला.

काका दाराजवळच्या खुर्चीत बसले. बसण्याआधी खिशातून सॅनिटायझर काढून त्यांनी हात चोळले, खुर्चीचे हात पुसले, मग मामाचेही हात पुढे करायला लावले. मग पिशवीतून माझा लेख काढला. लॅमिनेट केलेला.

"काका, लॅमिनेशन?" मी म्हणाले.

"महत्त्वाचा कागद आहे. सारखा हाताळला जातो. सॅनिटायझर लागून शाई पसरायला लागली, म्हणून." त्यांनी तो गुडघ्यावर ठेवला. हॉटेलच्या ओळीखाली लाल रेघ होती, औषध कंपनीच्या ओळीखाली हिरवी. "वृषालीताई, पहिलंच सांगतो. मी स्थळ मोडायला आलेलो नाही. मी शब्दाचा माणूस आहे."

आईचा जीव भांड्यात पडला.

"मी फक्त लग्न पुढं ढकलायला आलोय."

"ढकलू की, भाऊ! त्यात काय एवढं? तुळशीचं लग्न झालं की काढू मुहूर्त."

"तीन वर्षं," काका म्हणाले.

आईचा जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला. "तीन वर्षं?"

"तुमच्याच मुलीनं लिहिलंय, वहिनी. तीन वर्षांनी हॉटेलं सावरणार. मग सावरू द्या. सावरली की लग्न. मी माझ्या मनाचं काही सांगत नाही."

"आवं पाव्हणं," जगूमामा खुर्चीच्या कडेला सरकला, "पोरगी तीस वर्षांची हुईल तवा!"

"तेच तर." काकांनी कागदावरची हिरवी रेघ बोटानं चाचपली. "शिरवळला औषधाच्या कंपनीत मुलगा आहे. स्थळ आपणहून चालून आलंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण माणसानं किती दिवस नाही म्हणायचं?"

 हर्षद स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन उभा होता. सकाळपासून त्याची टिंगल चाललेली होती, आणि आता त्याचा चेहरा पार उतरला होता. हा मुलगा रोज माझी खोडी काढत होता, कोबी चिरत होता, आणि मला वाटत होतं ह्याला कशाचं काही नाही. त्याला ती पाहिजे होती. मनापासून पाहिजे होती, आणि माझ्याच लेखातल्या हिरव्या रेघेवरून ती शिरवळला चालली होती.

"मला एकच खरं सांगा," काका माझ्याकडे वळले. "तुमच्या सख्ख्या भावाचं आहे म्हणून विचारतो. हा आकडा खरा, का पेपरवाल्यांनी फुगवलाय?"

आई माझ्याकडे बघत होती. नुसती बघत नव्हती, भुवयांनी ‘एक, एक’ असं सांगत होती. मामाही मान हलवत होता. त्या घरात त्या क्षणी मी सोडून सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

"खरा आहे, काका," मी म्हणाले. "म्हणजे मला जेवढं कळतं तेवढा खरा आहे. आज विचाराल तर मी तीनच म्हणेन."

आईनं हातातली चहाची बशी शिवणयंत्रावर अशी आपटली की चमचा उडून मामाच्या मांडीवर पडला. "जळ्ळं तुझं ते शिक्षण," ती म्हणाली.

पण फरांदेकाका रागावले नाहीत. उलट खुर्चीत जरा सैल झाले. "बरं झालं. तुम्ही एक म्हणाला असता तर मी तडक उठून गेलो असतो. अहो, मी जन्मभर चौकशीच्या खिडकीत बसलो. ‘साहेब, साताऱ्याची गाडी कधी येईल?’ मी म्हणायचो, ‘येईल, दहा मिनिटांत.’ मला काय ठाऊक ती कुठं आहे? पाचवडला पंक्चर होऊन पडलीय का निघालीच नाही? पण दहा मिनिटं म्हटलं की माणूस जरा टेकतो. नुसतं ‘माहीत नाही’ म्हटलं की भांडतो. म्हणून विचारलं, तुमचं तसं तर नाही ना?"

"बरंचसं तसंच आहे, काका. फक्त आम्ही टक्के लावतो."

मामाला हे फार आवडलं. तो मोठ्यांदा हसला आणि आईनं बघितल्यावर थांबला.

"आणि चुकलं तर?" काकांनी विचारलं.

"चुकलं तर चुकलं. परत नवा काढतो."

आणि तो चुकलाच. साफ आपटला. त्याच दिवाळीत घरात कोंडून कंटाळलेले लोक गाड्या काढून डोंगरावर सुटले. हर्षदच्या शेठचा फोन आला तो रडवेला. आचारी मिळेना. का मिळेना, तर बरेच जण ‘तीन वर्षं’ वाचून लाइन सोडून गेले होते, कुणी किराणा टाकला, कुणी रिक्षा घेतली. हर्षदनं पगार वाढवून मागितला आणि शेठनं निमूट दिला. पण हे दिवाळीतलं. त्या दुपारी आम्हाला ह्यातलं काही दिसत नव्हतं. मी काढलेला तीन हा आकडा काकांच्या गुडघ्यावर पडून होता, त्याला लॅमिनेशन होतं.

"काका," मी म्हणाले, "अंदाज सगळ्या धंद्याचा असतो. एका माणसाचं काय होईल ते त्यातून कळत नाही."

"ऐका!" आई म्हणाली. "एका माणसाचा नसतो!"

"मान्य आहे, वहिनी. मुलगा चांगला आहे, मी कुठं नाही म्हणतो?" काकांचा आवाज एकदम खाली आला. "पण मला भीती वाटते हो. मार्चमध्ये मी स्टँडवर गेलो होतो. सहज. तिथं एवढी वर्षं पाय ठेवायला जागा नसायची. सगळा स्टँड मोकळा, आणि फलाटावर कुत्री झोपलेली. चौकशीच्या खिडकीला कुलूप. स्टँड बंद पडू शकतो हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. तेव्हापासून मला कशाचा भरवसाच वाटेना झालाय. एकुलती एक पोर आहे. तिला कुठंतरी घट्ट जागी ठेवावी, एवढंच माझं म्हणणं आहे."

 आई पदराशी चाळा करत बसली. जगूमामानं मांडीवरचा चमचा बशीत परत ठेवला.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटी थांबली. सारिका. अंगावर दवाखान्याचा फिका निळा झगा, तोंडावर मास्क, केस टोपीत. ती आत आली नाही. पायरीच्या खाली, जास्वंदीपाशी उभी राहिली.

"तू कशाला आलीस?" काका अर्धवट उठले. "तिथंच थांब हं, बाळ. तिथंच."

"थांबलेय, बाबा."

तिनं ते अगदी सवयीनं म्हटलं. मग मास्कमधूनच मोठ्यानं म्हणाली, "ह्याचा मेसेज आला. ‘तुझे बाबा तीन वर्षं मागतायत.’ म्हणून ड्युटी संपली तशी आले."

काकांनी हर्षदकडे बघितलं. हर्षदनं पळीकडे बघितलं.

"बाबा, तो कागद आहे ना? मी पण वाचलाय. सगळ्यात खालची ओळ वाचा ना मोठ्यानं."

काकांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला. "‘आरोग्यसेवेत मात्र परिचारिका आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची मागणी येत्या काळात दुपटीनं वाढण्याची शक्यता आहे.’ बरं मग?"

"प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणजे कोण?"

"कोण?" जगूमामानं खरंच विचारलं.

"मी, मामा."

ती ओळ मी लिहिली होती. आईनं ती शेजाऱ्यांना वाचून दाखवली होती. फरांदेकाकांनी पैसे देऊन लॅमिनेट केली होती. आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की ही ओळ सारिकाची आहे. आमच्याकडे स्थळ बघताना मुलाची नोकरी बघतात आणि मुलीची उंची. मुलीला नोकरी असली तर ‘नोकरीही करते’ असं म्हणतात, ‘पेटीही वाजवते’ म्हणतात तसं. माघात बोलणी झाली तेव्हा मी स्वतः तिथं बसले होते. हर्षदच्या हॉटेलात खोल्या किती, हे काकांनी विचारलं होतं. सारिकाचा पगार किती, हे मीसुद्धा विचारलं नव्हतं, आणि माझा तर तो धंदाच.

"म्हणजे असं बघा," सारिका बोटं मोजायला लागली, "ह्याचा धंदा तीन वर्षं बसणार, माझा दुपटीनं चालणार. मग घर माझ्या पगारावर चालेल. तीन वर्षांनी ह्याचं बघू."

"आनि पोरगा काय घरी बसनार?" मामा म्हणाला.

"बसणार कुठं, मामा?" हर्षदला इतक्या वेळानं कंठ फुटला. "स्वयंपाक उभ्यानं करतात."

आईला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. पण काकांच्या कपाळावरची आठी तशीच होती. "पोरीच्या कमाईवर संसार? लोक काय म्हणतील?"

"बाबा, मी गल्लीतून निघाले की लोक दारं लावून घेतात. त्यांना म्हणायला वेळ कुठाय?"

"तू चेष्टा करू नकोस. मी गंभीरपणे विचारतोय. लग्न झाल्यावर हा दिवसभर करणार काय?"

"आता करतोय तेच."

"आता काय करतोय?"

सारिकानं हर्षदकडे बघितलं. तो ‘नको, नको’ अशी मान हलवत होता. तिनं त्याचं ऐकलं नाही, आणि माझ्या मते तिच्या पुढच्या संसाराची ती सुरुवात होती.

"बाबा, आईला दमा आहे. म्हणून मी आल्यावर माझं ताट मागच्या पडवीत. मीच सांगितलं होतं तसं करायला, माझा राग नाही. तुम्ही ताट ठेवता आणि आत जाता, ते बरोबरच आहे. पण बाबा, एकटीला जेवण जात नाही हो. मी नुसता भात कालवत बसायचे आणि कुत्र्याला घालायचे. एकदा फोनवर ह्याच्याशी बोलताना सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी हा दवाखान्याच्या गेटाबाहेर हजर. दोन डबे घेऊन. एक डबा कठड्यावर ठेवला आणि मागं सरला. मी तो घेऊन लिंबाखाली बसले. मला वाटलं, हा आता जाईल. तर हा रस्त्याच्या पलीकडं गाडीवर बसला आणि ह्यानं दुसरा डबा उघडला. मग आम्ही जेवलो. मधून ट्रक जात होते. हा तिकडून ओरडून विचारत होता, मीठ बरोबर पडलंय का म्हणून. तेव्हापासून रोज येतो. एक दिवस चुकवलेला नाही. सगळे लांब पळत होते तेव्हा हा रोज दवाखान्याच्या दारात येत होता."

"आणि मला सांगायचा," आई हर्षदवर कडाडली, "गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून फेरी मारून येतो!"

"बॅटरी उतरतेच, आई," हर्षद हळूच म्हणाला.

"गप बस, मेल्या." आईचे डोळे भरले होते. आवाज मात्र भांडणाचाच होता.

सारिका पायरीच्या एक पाऊल जवळ आली, मग आठवून तेवढंच मागे गेली. "शिरवळचा मुलगा चांगलाच असेल, बाबा. पण मला हा पाहिजे. आणि यंदाच पाहिजे."

फरांदेकाका कागद हातात धरून बसून राहिले.   त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. जगूमामानं दोनदा घसा साफ केला आणि दोन्ही वेळा आईनं त्याला डोळ्यांनीच दाबलं.

शेवटी काका हर्षदला म्हणाले, "आज काय केलंयस?"

"काय?"

"जेवायला. काय केलंयस आज?"

"घेवड्याची आमटी. भाकरी. इंद्रायणीचा भात."

"चायनीज नाही ना काही?"

"नाही, काका."

"मग दोन ताटं वाढ. बाहेर आण."

ते उठले. लॅमिनेट केलेला कागद खुर्चीवरच राहिला आणि पुढे बरेच दिवस आई त्यावर गरम भांडी ठेवत होती. काका चपला न घालताच ओटीवरून उतरले आणि पायरीवर जाऊन बसले.

सारिका घाबरून जास्वंदीत शिरली. "बाबा, अहो लांब बसा! मी थेट ड्युटीवरून आलेय. आईला काही झालं तर?"

"मोकळ्यावर आहे. तू त्या टोकाला बस, मी ह्या टोकाला बसतो. घरी जाऊन आंघोळ करीन. हात धू नळावर आणि ये."

ती हात धुऊन आली. किती वेळ धुवत होती कोण जाणे, नळाचा आवाज थांबेचना. मग पायरीच्या दुसऱ्या टोकाला अंग चोरून बसली. हर्षदनं दोन ताटं आणली, एक ह्या टोकाला, एक त्या टोकाला. आमटी भाकरीवर सांडली होती. मोठ्या हॉटेलातला आचारी, पण त्या दिवशी त्याला धड ताटही वाढता आलं नाही. तो मागे सरून भिंतीला टेकून उभा राहिला.

जगूमामाला आता राहवेना. "मंग पाव्हणं, तारखेचं कसं? काय धरायचं आम्ही?"

"तुळशीचं लग्न झालं की बघा एखादी," काका म्हणाले. त्यांनी वळूनही बघितलं नाही. "आधी तिला जेवू दे की रे बाबा."

आईनं माझं मनगट घट्ट धरलं.  

काकांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. ते लेकीकडे बघत होते. सारिकानं कानामागची दोरी सोडवली आणि मास्क उतरवला. काका जरा वाकले, नीट बघायला लागले.

"हे काय झालं गं तुझ्या गालांना?"

"मास्कचे वळ आहेत, बाबा," ती म्हणाली. "एप्रिलपासून आहेत."